मेरीचा बिंडा

पाटाला पाण्याचं आवर्तन सुटून आठवडा झाला आणि अमोलिकांची विहीर वरच्या पायऱ्यांपर्यंत तुडुंब भरली. एरवी असं पाणी दिसलं की यशया अमोलिक बांधावर उभा राहून नुसती हाळी द्यायचा, आणि सगळ्या वस्तीची पोरं चड्ड्या सावरत पळत सुटायची. यंदा हाळी आली नाही. यशयाची जीभ गेल्या उन्हाळ्यापासून जड झाली होती, डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा, आणि तो दिवसभर पडवीतल्या खुर्चीत बसून श्रीरामपूरच्या रस्त्यावरची येजा बघायचा.

त्याची बायको मेरी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीवर चक्कर मारून यायची. पाणी बघायची, एखादी पायरी पायानं चाचपायची, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघत परत फिरायची. पासष्टी उलटलेल्या बाईनं चोरासारखं वागावं, तेही स्वतःच्या विहिरीवर! पण इलाज नव्हता. मेरीला पोहायला शिकायचं होतं आणि घरात हे अजून कोणाला माहीत नव्हतं.

म्हातारीला हे काय नवीन सुचलं असं कोणी म्हणेल. पण नवीन काही नव्हतं. लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं नवऱ्याला विचारलं होतं, ‘मलाबी शिकवा की.’ यशया हसला होता. म्हणाला होता, ‘बाईमानसाला काय करायचंय पोहून? मी हाय की!’ तेव्हा ते तिला गोडसुद्धा वाटलं होतं. मग तिनं सगळी हयात विहिरीच्या काठावर टॉवेल घेऊन काढली. मुलगा रॉबिन शिकला, पुतणे शिकले, भाचे शिकले, शेजारपाजारचे शिकले. घरातली एक बाई शिकली नाही. पोटच्या लेकीला, ग्लोरियाला, लहानपणी दोन दिवस उतरवलं आणि मग पुरे म्हणून सांगितलं. बाईमाणसाचं पोहणं आपलं तेवढंच.

आणि मग गेला उन्हाळा आला. रॉबिनची लेक एस्तेर ही या घरातली पहिली मुलगी, जिला आजोबांनी आपणहून पाण्यात उतरवलं. पाठीला तरंगत्या लाकडांचा बिंडा, कमरेला दोर, दोराचं टोक यशयाच्या हातात. पोर मधोमध हातपाय मारत होती आणि काठावर यशया एकाएकी गुडघ्यावर बसला, मग कलंडला, आणि दोर त्याच्या हातातून सुटून पाण्यात पडला. एस्तेर बिंड्यावर तरंगत राहिली, बुडाली नाही, पण ‘आजी, आजी’ करून तिनं जो आक्रोश मांडला तो मेरीच्या कानातून अजून गेला नव्हता. इकडं नवरा तोंड वाकडं होऊन पडलेला आणि तिकडं पाण्यात नात. मेरी टॉवेल घेऊन उभी. शेजारचा अजिनाथ मळ्यातून पळत आला, कपड्यांसकट उडी मारून त्यानं पोरीला काढलं, म्हणून निभावलं.

मेरीला कोणी एका शब्दानं बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं. म्हातारी बाई, ती काय करणार, असं सगळे धरूनच चालले होते.

नाताळ उरकल्यावर तिनं अजिनाथला गाठलं. त्याच्या बांधावर पांगाऱ्याचं झाड वठलं होतं. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की असं हलकं होतं की लहान पोरानं उचलावं. त्याचे ओंडके सुंभानं एकाला एक बांधले की झाला बिंडा. तो पाठीला बांधायचा आणि पाण्यात उतरायचं. पोर जसं शिकत जाईल तसा त्यातला एकेक ओंडका कमी करायचा, आणि शेवटी एक दिवस पाठ मोकळी. या भागात बापजाद्यांपासून असंच शिकवत आले.

‘‘एवढा मोठा बिंडा कुनासाठी वो काकू?’’ अजिनाथनं विचारलं होतं. ‘‘म्हशीला पोहायला शिकिवताय का काय?’’

‘‘म्हशीलाच समज. आन् तोंड बंद ठेव.’’

तो बिंडा आता भुशाच्या खोलीत, गोणपाटाखाली होता.

*

रॉबिन शहरातून, सावेडीहून बायकोमुलीला घेऊन आला तो हातात टेप घेऊनच. जेवणसुद्धा व्हायचं होतं, आणि हा विहिरीचं तोंड मोजायला निघाला.

‘‘कशाला मोजतोयस रे?’’ मेरीनं विचारलं.

‘‘जाळी बसवणार आहे आई. लोखंडी, कुलपाची. आमच्या तिकडच्या फॅब्रिकेशनवाल्याशी बोललोय.’’

‘‘आन् पोहायचं?’’

‘‘एस्तेरचं नाव मी तिकडं तरणतलावात घातलंय. सोमवारपासून. कोच असतो, खाली फरशी दिसते, छातीएवढं पाणी. तो गॉगल बघ तिचा.’’

एस्तेर नवा निळा गॉगल लावून पडवीत आजोबांसमोर उभी होती. ‘‘आजोबा, मी कशी दिसते?’’

‘‘बेडूक,’’ यशया सावकाश म्हणाला. दोघंही हसली. त्याचं हसू एका बाजूलाच यायचं, पण एस्तेरला त्याचं काही नव्हतं.

ग्लोरिया दवाखान्यातली ड्युटी संपवून स्कूटी लावत होती. श्रीरामपूरला नर्स होती ती, आणि लग्न केलं नाही ते नाहीच, त्यामुळे आईवडलांचं सगळं तीच बघायची आणि भावाला बोलायचा हक्कही तिनं आपोआप मिळवला होता.

‘‘जाळी बसव दादा,’’ ती हेल्मेट काढत म्हणाली. ‘‘मग पाटालाही बसव. शेजारच्या शेततळ्यालाही बसव. प्लास्टिकचा कागद घातलेला, पाय घसरला की वर येता येत नाही. मागच्या महिन्यात एका पोराला आणलं होतं आमच्याकडं. वाचला, पण कसा ते आम्हाला ठाऊक.’’

‘‘म्हणून तर शिकवतोय ना पोरीला! फक्त इथं नाही.’’

‘‘इथं काय विष आहे?’’

‘‘ग्लोरिया, तू नव्हतीस त्या दिवशी. मीही नव्हतो. माझी पोरगी पाण्यात होती आणि काठावर कोणी नव्हतं.’’

कोणी नव्हतं. मेरी भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. रॉबिननं ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, पोर तसा नव्हताच. पण मुद्दाम न म्हणता निघालं म्हणूनच ते खरं होतं. काठावर मेरी होती, आणि ती कोणी नव्हती.

ती उठली. पिठाच्या हातांनीच दारात आली. ‘‘रॉबिन, उद्या सकाळी प्रार्थना झाली की विहिरीवर जायचं. दरसाल जातो तसं. तू दोर धरायचा. पोहता येतं तुला, बापानंच शिकिवलंय.’’

‘‘आई, अगं...’’

‘‘जाळी तू बसवच. पन उद्याचा दिवस मला दे.’’

मेरी कधी काही मागत नसे, त्यामुळे नाही म्हणायची सवय कोणालाच नव्हती. रॉबिननं बायकोकडं पाहिलं, बायकोनं खाली. मग तो म्हणाला, ‘‘एकच दिवस हां. आणि पप्पांनी दोराला हात लावायचा नाही.’’

पडवीत यशयानं हे ऐकलं. त्यानं तोंड रस्त्याकडं वळवलं.

*

खरा घोळ संध्याकाळी झाला. चहा पिऊन रॉबिन पोरीचा बिंडा काढायला गोठ्यात गेला, तर आढ्याला टांगलेले बिंडे जागेवर नव्हते.

‘‘आई, बिंडे कुठं गेले?’’

‘‘तिथंच असतील की. कुठं जात्यात?’’

रॉबिनची बायको जास्मिन मागच्या दारातून आली, हात पुसत. चेहरा अगदी कामसू सुनेचा. ‘‘ते होय? मी हौदात टाकलेत. जेवणं झाल्यावर ग्लोरियाताईंनी टांगलेले दाखवले, लगेच टाकले. इतकी जळमटं, पालीची घाण, काय सांगू! लेकराच्या पाठीला बांधायचे म्हटल्यावर फिनेलच्या पाण्यात भिजवले. वर येत होते सारखे, मग दगड ठेवले वरून.’’

 मग ग्लोरियानं कपाळावर हात मारला. ‘‘वहिनी! अगं, बिंडा भिजवला?’’

‘‘मग? पाण्यात तर जायचंय ना त्याला?’’

सगळे हौदावर धावले. दगड काढले तरी बिंडे वर यायला तयार नव्हते. जुनं लाकूड, भुंग्यांनी पोखरलेलं, त्यानं दुपारभरात पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं. रॉबिननं एक बाहेर काढला तेव्हा त्याची कंबर वाकली. आणि वास! विहिरीतल्या माशांनी गाव सोडलं असतं.

‘‘हा बांधला पाठीला तर पोर सरळ तळाला जाईल,’’ रॉबिन म्हणाला. जास्मिनचे डोळे भरले. सावेडीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, बिंडा तिनं कधी हातात घेऊन पाहिला नव्हता, आणि घरात कोणी तिला तो समजावूनही सांगितला नव्हता.

‘‘रडू नको गं,’’ मेरी म्हणाली. ‘‘उनात वाळतील आठवड्यात. मे महिना हाय.’’

‘‘आठवड्यात मी इथं नाही,’’ रॉबिन म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, लपवूनही लपत नव्हती. ‘‘झालं मग. देवाचीच इच्छा दिसते. चल एस्तेर, आपला तरणतलाव बरा.’’

एस्तेरनं गॉगल काढला. ‘‘पण मला आजोबांच्या विहिरीत जायचंय! मागच्या वर्षी मी बुडाले नव्हते. मी नुसती ओरडले होते!’’

मेरी तशीच भुशाच्या खोलीत गेली. गोणपाट ओढलं आणि बिंडा काखेत मारून अंगणात आणून ठेवला. कोरा करकरीत, पिवळट पांढरा, नव्या सुंभाचा. आता लपवून तरी काय करायचं होतं?

‘‘अरे व्वा!’’ रॉबिननं उचलून पाहिला. ‘‘पण केवढा हा! कोणासाठी केला?’’

‘‘माझ्यासाठी.’’

कोणाला आधी कळलंच नाही. मग ग्लोरिया हसायला लागली आणि आईचं तोंड बघून मध्येच थांबली.

‘‘तू पोहणार?’’ रॉबिन म्हणाला. ‘‘आई, तुझे गुडघे...’’

‘‘गुडघे पाण्यात दुखत न्हाईत म्हनतात.’’

‘‘आई, चेष्टा पुरे. या वयात काही झालं तर? एक तर पप्पा असे...’’ तो बिंड्याभोवती फिरला आणि त्याचा चेहरा उजळला. ‘‘हे बघ, याचे दोन होतात. सुंभ सोडू, चार ओंडके एस्तेरला, बाकीचे शेजारच्या पोरांना. उद्याचं काम भागलं. ग्लोरिया, विळा आण.’’

किती सोपं होतं! जास्मिनचा जीव भांड्यात पडला, एस्तेरनं टाळी वाजवली. ग्लोरिया मात्र हलली नाही, आईकडं बघत राहिली. आणि मेरीच्या जिभेवर ते वाक्य आलंसुद्धा, ‘घ्या की, मला काय करायचंय.’ ती हयातभर हेच म्हणत आली होती. खरवसाची वडी असो, नवं लुगडं असो, रविवारच्या प्रार्थनेला देवळातली पंख्याखालची जागा असो. तोंड उघडायचा अवकाश, सवयीनं बाहेर पडलं असतं.

पडवीत काठी आपटली.

यशया खुर्चीतून उठू बघत होता. ग्लोरिया धावली, त्यानं तिचा हात झिडकारला आणि उजव्या हातानं खांबाला धरून उभा राहिला. बोलायच्या आधी त्याला शब्द जुळवावा लागायचा. सगळे थांबले.

‘‘तिचा... हाय,’’ तो म्हणाला. ‘‘हात... लावायचा न्हाई.’’

‘‘पप्पा, अहो पण आई आत्ता...’’

‘‘मी पडवीत... बसतो. आंधळा न्हाई.’’ त्यानं दम घेतला. ‘‘अजिनाथ... घिऊन आला... तवाच बघितला. तिचाच हाय. मापच... तिचं.’’

मेरीला वाटलं होतं जगात फक्त अजिनाथला ठाऊक आहे. आणि हा माणूस नाताळपासून गप्प बसून होता, तिनं आपणहून सांगायची वाट बघत. तिला त्याचा रागही आला आणि रडूही आलं. कुठलं आधी करावं ते तिला समजेना.

मग ती रॉबिनकडं वळली. ‘‘आता ऐक. तू मगाशी म्हनलास, काठावर कोनी नव्हतं.’’

‘‘आई, मला तसं...’’

‘‘खरं बोललास. मी हुते, पन माझा उपेग काय? तुझी लेक आजी आजी करत हुती आन् मी टावेल धरून उभी. हात हायेत, पाय हायेत, आन् पान्यात पाऊल टाकता येईना. तू तिला कोचाकडं घाल, लाख वेळा घाल. जाळी बसव, गच्चीएवढी बसव. पन मला परत तसं उभं राहायचं न्हाई. मरेस्तोवर न्हाई.’’

रॉबिनच्या हातात अजून सुंभाचं टोक होतं. ते त्यानं हळूच खाली ठेवलं.

पहिल्यांदा बोलली ती जास्मिन, नाक ओढत. ‘‘आई, तुमचं झालं की मला द्याल का हो? एक दिवस? मलाही येत नाही.’’

‘‘तू आधी त्याला फिनेल लावू नको म्हणजे झालं,’’ ग्लोरिया म्हणाली, आणि रडतारडता जास्मिनला हसू फुटलं. नणंद-भावजयीचं इतक्या वर्षांत असं कधी जमलं नव्हतं.

*

दिवेलागणीला ग्लोरियानं आपला जुना पंजाबी ड्रेस काढून दिला. ‘‘साडी नेसून उतरलीस तर बिंड्याचंसुद्धा ऐकणार नाही ती, भिजून तळाला ओढील.’’ मेरी तो ड्रेस मांडीवर घेऊन यशयाच्या खुर्चीजवळ बसली. आत रॉबिन नवा दोर ताणून, गाठी मारून बघत होता. जाळीचा टेप त्यानं पिशवीत टाकला होता.

‘‘सांगायचं न्हाई का, माहीत हाय म्हनून?’’ मेरी म्हणाली.

‘‘तू... सांगितलंस?’’

तिनं मांडीवरचा ड्रेस पसरला. मग ड्रेसच्या सुरकुत्या हातानं मोडत म्हणाली, ‘‘तुमी हसाल असं वाटलं. मागं हसला हुता.’’

 यशयाचे ओठ हलत होते, शब्द लागत नव्हता. मेरीनं घाई केली नाही. वर्षभरात तिला एवढं जमायला लागलं होतं.

‘‘मी हाय... म्हनलो हुतो,’’ तो शेवटी म्हणाला.

‘‘व्हय.’’

‘‘नव्हतो.’’

डोळ्यातून पाणी आलं ते त्याला पुसता आलं नाही, कारण चांगला हात काठीवर होता. मेरीनं त्याच ड्रेसच्या बाहीनं पुसलं. ‘‘असं कुठं असतंय? पडला तुमी, पळून न्हाई गेला. येड्यावानी करू नका.’’

‘‘शीक,’’ तो म्हणाला. एवढा एक शब्द त्याच्या तोंडून अगदी स्वच्छ आला.

*

सकाळी रॉबिननं काठावर उभं राहून प्रार्थना केली, थोडक्यात, कारण एस्तेर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. पाळणा हलवायला आल्यासारखी वस्तीतली बायामाणसं उगाच काही ना काही निमित्त काढून जमली होती. अजिनाथ तर बैल सोडूनच आला. ‘‘काकू, म्हैस कुठंय?’’ त्यानं विचारलं. मेरीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट दोर उलगडायला लागला.

या विहिरीची एक रीत होती. सगळ्यात लहान असेल ते आधी उतरायचं. म्हणून एस्तेर पुढं झाली, बिंडा नसला तरी बापाच्या खांद्यावर बसून उतरायचं तिचं ठरलं होतं. तेवढ्यात खुर्चीतून यशयाची काठी आडवी आली.

‘‘आधी... मेरी.’’

सबंध आयुष्यात त्यानं तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’ आणि ‘ए’ वर संसार झाला होता. मेरीनं मान वर केली नाही, पण कानापर्यंत लाल झाली.

बिंडा तिच्या पाठीवर चढवला. सुंभाची गाठ बांधायची ती यशयाच्या पद्धतीची, सुटायला सोपी आणि ताणाला घट्ट. ती दुसऱ्या कोणाला यायची नाही, आणि यशयाचा तर एकच हात. मेरी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. त्याचा हात सांगत गेला, तिचा हात करत गेला. गाठ जरा वेडीवाकडी पडली, पण त्यानं ओढून पाहिली आणि मान हलवली.

रॉबिननं दोर स्वतःच्या कमरेला दोन वेढे घेऊन बांधला. ‘‘मी पडलो तरी दोर पडणार नाही आई,’’ तो म्हणाला.

ती पायऱ्या उतरली. पाणी घोट्याला आलं, पोटरीला आलं, कमरेला आलं आणि ती दचकली, कारण ते इतकं गार असेल असं काठावरून कधी वाटलं नव्हतं. बिंड्यानं तिला पाठीमागून वर ओढलं. पाय पायरीवरून हलके झाले. तिनं दोन्ही हातांनी भिंतीतला दगड गच्च धरला. खाली बघितलं तर तळ नव्हता, नुसतं हिरवं.

‘‘आई, नको वाटत असेल तर ये वर,’’ रॉबिन म्हणाला.

‘‘आजी, मी इथंच आहे हं!’’ एस्तेर काठावरून ओरडली. तिच्या हातात टॉवेल होता.

मेरीनं वर पाहिलं. ग्लोरिया, जास्मिन, दोर धरलेला लेक आणि त्या सगळ्यांच्या मध्ये खुर्ची. यशया पुढं वाकला होता. या विहिरीत आजवर जितकी पोरं शिकली त्या प्रत्येकाला त्यानं एकच शब्द टाकला होता, दगड सोडायच्या वेळी. तो ती हयातभर ऐकत आली होती, दर वेळी दुसऱ्या कोणासाठी. त्याचे ओठ हलले, अडले, परत हलले.  त्याच्याऐवजी तो शब्द कोणीच म्हणालं नाही.

‘‘सोड,’’ यशया म्हणाला.

मेरीनं दगड सोडला.